दगडाचे दोन भाव : धंदा विकला म्हणजे नेमकं काय विकलं?

साधारण पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात नोकरीला होतो, इतिहासाचा नाद अजून लागला नव्हता. रावपुऱ्याच्या बाजूला ओळखीच्या एका मराठी कुटुंबाचा छापखाना होता. तिसऱ्या पिढीला तो चालवायचा नव्हता. गिऱ्हाईक सापडलं होतं, पण किंमत जमत नव्हती. मी मेकॅनिकल इंजिनिअर, म्हणून मालकांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "तू यंत्रांची यादी कर, भाव लाव. त्रयस्थाने केलेलं बरं."

दोन रविवार बसून मी यादी केली. दोन ट्रेडल मशिनं, एक सिलिंडर, कागद कापायचं यंत्र, लाकडी केसेस, आणि शिशाचे खिळे वजनावर. जस्ताचे ब्लॉक एका खोक्यात होते, तेही वजनावरच लावले. तिथे चाळीस वर्षं खिळे जुळवणारे एक काका होते. माझी यादी त्यांनी चष्मा वर करून वाचली आणि विचारलं, "साहेब, यात गिऱ्हाइकांची वही कुठाय?"

त्या वहीत कोणत्या घराची कोणती पत्रिका कधी छापली, कोणत्या संस्थेचा अहवाल दरवर्षी कोणत्या महिन्यात येतो, कोणाला कोणता खिळा आवडतो, सगळं लिहिलेलं होतं. मी हसून म्हणालो, "काका, वहीला काय भाव लावू?" यादी तशीच राहिली. घेणाऱ्याला खरं तर जागाच हवी होती. खिळे वितळवायला गेले, ब्लॉक भंगारात आणि वह्या रद्दीत.

आज मी बडोद्याच्या मराठी कुटुंबांचा इतिहास शोधत फिरतो तेव्हा ती वही मला दर दोन-तीन महिन्यांनी आठवते. या टिपणाचा विषय त्या चुकीतूनच आला. एखादा खासगी धंदा एका हातातून दुसऱ्या हातात जातो तेव्हा नेमकं काय हस्तांतरित होतं? त्यासाठी मी एक उदाहरण घेणार आहे. त्याची मुळं आपल्या बडोद्यात आहेत, पण व्यवहार झाला लोणावळ्याजवळ : राजा रविवर्मा यांच्या छापखान्याची विक्री.

पागडी, पाघडी आणि ख्याती

आधी शब्द स्पष्ट करून घेऊ. चालता धंदा विकला जातो तेव्हा चार प्रकारच्या गोष्टी टेबलावर असतात. पहिली, हाताला लागणारी मालमत्ता : जागा, यंत्रं, कच्चा-पक्का माल. दुसरी, येणी आणि देणी : गिऱ्हाइकांकडची उधारी, आणि सावकाराचं किंवा बँकेचं कर्ज. तिसरी, हक्क : भाडेपट्टा, परवाने, नाव, चिन्ह, चित्रांचे किंवा पुस्तकांचे हक्क. चौथी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. गिऱ्हाईक उद्याही याच दारात येईल ही खात्री.

या चौथ्या गोष्टीला मराठी हिशेबशास्त्राच्या पुस्तकांत 'ख्याती' म्हणतात. गुजरातीत शिकणारी आपली मुलं तिलाच 'पाघडी' म्हणतात. आणि घरी मराठी बोलणारा माणूस 'पागडी' ऐकला की त्याच्या डोळ्यांपुढे जुन्या भाड्याच्या जागेसाठी हातात ठेवलेली रोकड येते. बडोद्यातल्या जुन्या कागदांत त्यामुळे घोटाळा होऊ शकतो. एखाद्या कागदात 'दुकानाची पाघडी' असं दिसलं तर ती जागेची की नावाची, हे मागचा-पुढचा मजकूर वाचूनच ठरवावं लागतं.

ख्यातीला भाव लावायची रीत सोपी आहे. समजा, एका छापखान्याचा गेल्या काही वर्षांचा सरासरी नफा वर्षाला ४०,००० रुपये आहे. घेणारा आणि देणारा ठरवतात की तीन वर्षांच्या नफ्याइतकी ख्याती धरू. झाले १,२०,०००. पण हुशार घेणारा म्हणेल, "मी यात दोन लाख गुंतवणार. तेच पैसे दुसरीकडे ठेवले तर बारा टक्क्यांनी २४,००० मिळतीलच. तुमच्या नावामुळे जास्त मिळतात ते फक्त १६,०००." मग ख्याती तीन वर्षांची ४८,००० होते. धंदा एकच, आकडे दोन. धंद्याच्या सौद्यात घासाघीस होते ती बहुतेक वेळा यंत्रांवरून होत नाही, या फरकावरून होते.

बडोद्याची चित्रं, मुंबईचा छापखाना

आता रविवर्म्यांकडे येऊ. सर टी. माधवराव हे तंजावरच्या मराठी घराण्यातले. आधी त्रावणकोरचे दिवाण, पुढे १८७५ ते १८८२ या काळात बडोद्याचे दिवाण. महाराज सयाजीराव लहान असताना राज्याची घडी त्यांनी बसवली. रविवर्म्यांच्या चित्रांना इतकी मागणी येते की एका हाताने ती पुरी होणार नाही, तेव्हा निवडक चित्रं युरोपात पाठवून त्यांच्या रंगीत छापील प्रती काढाव्यात, असा सल्ला माधवरावांनीच दिला होता.

सयाजीराव महाराजांनी १८८८ मध्ये रविवर्म्यांकडून लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी १४ पौराणिक चित्रं करून घ्यायचं ठरवलं. ती १८९० मध्ये पूर्ण झाली. विश्वामित्र-मेनका, शंतनू-मत्स्यगंधा असे विषय त्यांत आहेत. लोकांना ती पाहायला ठेवली तेव्हा झालेली गर्दी बघून एक गोष्ट उघड झाली. देवादिकांचं असं चित्र आपल्या भिंतीवर हवं असं वाटणारे लोक हजारोंनी आहेत, पण तैलचित्र परवडणारे बोटांवर मोजण्याइतकेच.

युरोपात चित्रं पाठवण्याऐवजी रविवर्म्यांनी स्वतःचाच छापखाना काढला. १८९४ मध्ये मुंबईत गिरगावात तो सुरू झाला. गोवर्धनदास खटाव मखनजी हे व्यापारी भागीदार झाले. यंत्रं जर्मनीहून आली आणि ती चालवायला जर्मन कारागीरही आले. त्यांतल्या एकाचं नाव फ्रिट्झ श्लायखर. ते लक्षात ठेवा. धाकटे बंधू राजा वर्मा यांच्यावर छापखान्याच्या व्यवहाराचा बराच भार पडला. पहिलं चित्र निघालं ते शकुंतलेच्या जन्माचं.

दगड म्हणजे काय होतं?

इथे थोडं यंत्रशास्त्र सांगावं लागेल, कारण त्याशिवाय विक्रीचा अर्थ कळत नाही. ही छपाई शिळाछापाची. बव्हेरियातल्या झोल्नहोफेनचा चुनखडीचा दगड यासाठी जगभर जायचा. बारीक कणांचा, पाणी आणि तेल दोन्ही धरणारा. त्यावर तेलकट शाईने चित्र काढायचं, मग डिंक आणि सौम्य आम्लाने तो पक्का करायचा. दगड ओला केला की मोकळ्या जागी पाणी बसतं, तिथे छपाईची शाई चिकटत नाही. चित्राच्या तेलकट रेघेवर मात्र ती बसते. कागद दाबला की छाप उठतो.

रंगीत चित्रासाठी प्रत्येक रंगाचा दगड वेगळा. एका चांगल्या चित्राला दहाच्या वर दगड सहज लागायचे. तैलचित्रासमोर बसून, कोणत्या दगडावर किती पिवळा आणि किती तांबडा हे डोळ्यांनी वेगळं करून दगडावर उतरवायचं. हे काम महिनोन्महिने चाले. मग एकाच कागदावर दहा-बारा वेळा छाप, आणि प्रत्येक वेळी खुणेवर खूण बसली पाहिजे. केसाएवढं सरकलं तरी लक्ष्मीला दोन नाकं दिसतील.

आणि मुख्य मुद्दा असा. दगड पुन्हा वापरता येतो. वाळू आणि पाणी टाकून वर दुसरा दगड घासला की जुनं चित्र निघून जातं आणि दगड कोरा होतो. म्हणजे प्रत्येक दगडाला दोन भाव आहेत. कोऱ्या दगडाचा भाव बाजारात कोणीही सांगेल. चित्र असलेल्या दगडाचा भाव त्या चित्राला किती मागणी आहे यावर, आणि ते चित्र छापायचा हक्क व हातोटी कोणाकडे आहे यावर ठरतो. मी रावपुऱ्यातल्या छापखान्यात जस्ताचे ब्लॉक वजनावर लावले, म्हणजे चित्र असलेल्या दगडाला कोऱ्या दगडाचा भाव लावला.

पंचवीस हजारांत काय आलं?

चित्रं लोकप्रिय झाली, पण छापखाना फायद्यात राहिला नाही. परदेशी यंत्रं, परदेशी कारागिरांचे पगार, विकली न गेलेल्या प्रतींत अडकलेलं भांडवल. त्यात १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि कामगार शहर सोडून जाऊ लागले. खटावांबरोबरची भागीदारी संपली. छापखाना आधी घाटकोपरला आणि मग १८९९ मध्ये लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला. कर्ज डोक्यावर होतं, आणि मालक स्वतः वर्षातले कित्येक महिने संस्थानांतून चित्रं काढत फिरत होते. यातला शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. रविवर्मे चित्रकार होते, रोज सकाळी हजेरी घेणारे छापखानदार नव्हते.

विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला छापखाना विकला गेला. पुस्तकांत साल १९०१ दिसतं, काही ठिकाणी १९०३. घेणारे दुसरे-तिसरे कोणी नसून फ्रिट्झ श्लायखर. किंमत २५,००० रुपये, आणि त्यात ८९ चित्रं छापण्याचे हक्कही आले.

इंजिनिअरची सवय म्हणून मी भागाकार केला. यंत्रं, दगड, शिल्लक माल सगळं फुकट धरलं तरी एका चित्रामागे जेमतेम २८१ रुपये पडतात. ही किंमत कमी वाटते, आणि वाचणाऱ्याला लगेच 'परदेशी माणसाने फसवलं' असं म्हणावंसं वाटतं. मला तसं वाटत नाही. विकणारा कर्जात असला की धंद्याचा भाव नफ्यावर ठरत नाही, विकणाऱ्याच्या घाईवर ठरतो. शिवाय तो छापखाना विकत घेऊन चालवू शकणारी माणसं त्या वेळी देशात होती किती? दुसऱ्या कोणी घेतला असता तर कारागीर टिकवावे लागले असते. ते गेले असते तर हातात राहिले असते दगड. श्लायखरकडे हातोटी आधीपासून होती, त्यामुळे त्या दगडांचा दुसरा भाव फक्त त्यालाच पूर्ण वसूल करता येत होता.

आणि त्याने तो केला. छापखान्याचं नाव 'रविवर्मा' हेच ठेवलं. १९०६ मध्ये रविवर्मे वारले तरी त्या नावाने चित्रं निघत राहिली. हळूहळू दुसऱ्या चित्रकारांची चित्रं आली, मग जाहिराती आणि मालावर चिकटवायची रंगीत लेबलं आली. १९७२ मध्ये आगीत छापखाना जळाला, तोपर्यंत म्हणजे सुमारे सात दशकं तो विक्रीनंतर चालला. मूळ मालकाच्या हातात होता तो काळ दहा वर्षांचाही नाही.

इथे बडोद्याच्या वाचकाने एक बारकावा लक्षात घ्यावा. महाराजांनी चित्रं विकत घेतली म्हणजे रंगवलेले कॅनव्हास घेतले. त्याच विषयांच्या छापील प्रती काढून विकायचा हक्क ही वेगळी मिळकत होती, आणि ती छापखान्याबरोबर श्लायखरकडे गेली. एकाच मेनकेची अशी दोन मालकांकडे दोन घरं झाली. आपल्या आजीच्या देवघरातलं चित्र त्यातलं दुसरं.

फाळके : धंदा राहिला, माणूस गेला

याच्या नेमकी उलट गोष्ट त्याच लोणावळ्यात घडली, आणि तीही बडोद्याशी जोडलेली आहे. धुंडिराज गोविंद फाळके बडोद्याच्या कलाभवनात शिकले. चित्रकला, छायाचित्रण आणि छपाईच्या प्रक्रिया त्यांनी इथे हाताळल्या. पुढे पुरातत्त्व खात्यातली नोकरी सोडून त्यांनी लोणावळ्याला भागीदारीत 'फाळके एनग्रेव्हिंग अँड प्रिंटिंग वर्क्स' काढलं. सुरुवातीचं मुख्य काम होतं रविवर्मा छापखान्यासाठी फोटोलिथो ट्रान्सफर करून देणं.

नंतर भागीदार बदलला. पुरुषोत्तम मावजी आले, नाव 'लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स' झालं आणि छापखाना मुंबईत दादरला हलला. रंगीत छपाईची यंत्रं आणायला फाळके १९०९ मध्ये जर्मनीला जाऊन आले. काम नावाजलं गेलं. पण भागीदारांत बेबनाव झाला आणि फाळके काहीही मोबदला न घेता बाहेर पडले.

हिशेबाच्या भाषेत पाहा. यंत्रं मागे राहिली, बदललेलं नाव मागे राहिलं, भांडवल मागे राहिलं. बाहेर गेलं ते फाळक्यांच्या डोक्यातलं आणि बोटांतलं. ३ मे १९१३ रोजी मुंबईत 'राजा हरिश्चंद्र' लागला, तेव्हा ते कुठे गेलं हे सगळ्यांना दिसलं. ताळेबंदात त्याची एकही ओळ नव्हती.

म्हणून धंदा विकत घेणाऱ्याने विचारायचा खरा प्रश्न एकच : विकणारा उद्या दारातून बाहेर गेला तर आत काय उरेल? रविवर्मा छापखान्यात मालक गेला तरी चित्रं, दगड, नाव आणि कारागीर सगळं उरत होतं. फाळक्यांच्या छापखान्यात माणूस गेला की यंत्रं उरत होती.

कायदा काय म्हणायचा?

विकणारा समोरच्याच गल्लीत नवं दुकान काढू शकतो का? रावपुऱ्यात किंवा दांडिया बाजारात जुन्या फलकांवर 'आमची दुसरी शाखा नाही' किंवा 'मूळ दुकान हेच' असं दिसतं, त्यामागे बहुधा असाच एखादा वाद असतो. ब्रिटिश हिंदुस्थानात १८७२ च्या करार कायद्याने धंदा करण्यावर बंदी घालणारे करार सर्वसाधारणपणे रद्दबातल ठरवले, पण एक अपवाद ठेवला. धंद्याची ख्याती विकणारा माणूस, घेणारा तो धंदा चालवतो तोवर, ठरावीक हद्दीत तसाच धंदा न करण्याचं कबूल करू शकतो. ती हद्द वाजवी असली पाहिजे. १९३२ च्या भागीदारी कायद्याने आणखी स्पष्ट केलं. पेढी मोडल्यावर ख्याती विकली, तर जुना भागीदार स्पर्धेचा धंदा करू शकतो, पण वेगळा करार नसेल तर पेढीचं नाव वापरू शकत नाही, आपणच ती पेढी असं भासवू शकत नाही, आणि जुन्या गिऱ्हाइकांना आपल्याकडे बोलावू शकत नाही.

बडोदा संस्थानात कायदे संस्थानचे होते, म्हणून १९४९ च्या विलीनीकरणाआधीचा कागद हाती आला तर ब्रिटिश कलमं त्याला सरसकट लावू नयेत.

विक्रीचा कागद कसा वाचावा?

कोणाच्या घरी जुनं खरेदीखत, भागीदारी मोडल्याचा लेख किंवा मालाची यादी असेल तर ती वाचताना मी पुढच्या गोष्टी पाहतो.

किंमत एकरकमी आहे की वस्तुवार? एकरकमी असेल, ज्याला आज 'स्लम्प सेल' म्हणतात, तर धंदा चालता विकला गेला असण्याची शक्यता जास्त. वस्तुवार असेल तर बहुधा तो मोडून विकला.

देणी कोणाकडे गेली? कर्ज घेणाऱ्याने अंगावर घेतलं असेल तर लिहिलेला आकडा खऱ्या किमतीपेक्षा कमी दिसतो.

नावाचा उल्लेख आहे का? नसेल आणि तरीही फलकावर तेच नाव पुढे चाललं असेल, तर नातेवाइकांना विचारावं.

नोकरांचं काय ठरलं? जुन्या कागदांत हे क्वचितच सापडतं, पण जुन्या नोकराच्या घरी ते हमखास माहीत असतं.

आणि शेवटचं, यादीत काय नाही? माझ्या यादीत वही नव्हती. त्या यादीवर विसंबून कोणी रावपुऱ्यातल्या त्या छापखान्याचा इतिहास लिहिला तर त्याला तिथे दोन ट्रेडल, एक सिलिंडर आणि इतके किलो शिसं होतं एवढंच कळेल. तिथे कोण यायचं, कोणत्या घरच्या मुंजी आणि बारशी त्या खिळ्यांतून छापली गेली, हे कधीच कळणार नाही. ती यादी माझ्या सहीची आहे, म्हणून हे लिहायला मलाच हवं होतं.

खिळे जुळवणाऱ्या त्या काकांकडे मी पुढे एकदा गेलो होतो. वहीतलं जेवढं आठवत होतं तेवढं त्यांनी एका दुपारी सांगितलं, मी लिहून घेतलं. अकरा पानं झाली. मूळ वही दोनशे पानांची असावी. आपल्या ओळखीत एखादं जुनं दुकान, पेढी, खानावळ किंवा छापखाना विकला जात असेल, तर सौद्यात पडू नका, तो ज्याचा त्याने करावा. फक्त किल्ल्या देण्याआधी एक दिवस मागून घ्या, आणि रद्दीवाल्याच्या आधी तिथे पोचा.